हरवलेलं शोधणारे ब्लूटूथ टॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्ल्यांचा जुडगा, पाकीट, ऑफिसची बॅग, मुलांचं दप्तर, विमानात दिलेली सुटकेस. या सगळ्यांना आता नाण्याएवढा टॅग लावता येतो आणि वस्तू हरवली की फोनवर तिचा ठावठिकाणा दिसतो. नातेवाईक आणि सोसायटीतली मंडळी टॅग घेण्याआधी आणि घेतल्यावर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

टॅगमध्ये जीपीएस असतं का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. टॅगमध्ये सिमकार्ड नसतं, इंटरनेट नसतं, आणि आपण कुठे आहोत हे त्याला स्वतःला ठाऊकही नसतं. आत एक छोटी ब्लूटूथ चिप, एक बारीक स्पीकर आणि घड्याळात असतो तसा बटण सेल असतो. ठराविक वेळाने तो एक सांकेतिक हाक देत राहतो, एवढंच त्याचं काम. रिचार्ज नाही, रोजचं चार्जिंग नाही आणि एक सेल वर्षभर पुरतो, ते यामुळेच.

मग नकाशावर जागा येते कुठून?

आसपासच्या अनोळखी माणसांच्या फोनवरून. तुमची बॅग दादर स्टेशनवर पडली आहे असं समजा. तिथून जाणाऱ्या एखाद्याच्या खिशातला फोन टॅगची हाक ऐकतो, त्या क्षणी तो फोन जिथे असेल ती जागा कुलूपबंद करून सर्व्हरवर पाठवतो, आणि ते कुलूप फक्त तुमच्या फोनमधल्या किल्लीने उघडतं. ज्याच्या फोनने ही मदत केली त्याला याचा पत्ताही लागत नाही, आणि तो कोण होता हे तुम्हालाही कळत नाही.

म्हणजे वस्तू शोधतो तो टॅग नव्हे, माणसांची वर्दळ. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतात: कुठला टॅग घ्यावा, गावाकडे तो का अडतो, रिक्षात राहिलेली पिशवी कधी दिसते आणि कधी दिसत नाही.

कोणता टॅग घ्यावा?

आधी तुमचा फोन कोणता ते पाहा, मग तुमची वस्तू कोणाच्या सहवासात हरवण्याची शक्यता आहे ते पाहा.

आयफोन असेल तर अ‍ॅपलचा एअरटॅग, किंवा अ‍ॅपलच्याच 'फाइंड माय' जाळ्यावर चालणारा दुसऱ्या कंपनीचा टॅग. एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला. तो अँड्रॉइड फोनला जोडताच येत नाही, त्यामुळे 'भेट म्हणून आलाय, वापरून बघू' असं अँड्रॉइडवाल्यांनी मनात आणू नये. त्याला भोकही नसतं. किल्लीला अडकवायचा तर कव्हर वेगळं घ्यावं लागतं, तो खर्च आधीच धरा.

अँड्रॉइड फोन असेल तर गूगलच्या जाळ्यावर चालणारा टॅग घ्या. हे जाळं एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस' होतं, २०२५ पासून ते 'फाइंड हब' झालं. गूगल स्वतः टॅग विकत नाही, चिपोलो, पेबलबी, मोटोरोला अशा कंपन्या विकतात. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये जिओटॅग गो आला तो याच जाळ्यावरचा. जिओटॅग एअर नावाचा वेगळा टॅग आहे, तो अ‍ॅपलच्या जाळ्यावर चालतो. दुकानात दोघांची खोकी शेजारी ठेवलेली असली की गल्लत होते, म्हणून नाव नीट वाचून घ्या.

सॅमसंगचा स्मार्टटॅग फक्त सॅमसंग गॅलेक्सी फोनला जोडता येतो. पुढचा फोनही सॅमसंगचाच घेणार असाल तर हरकत नाही.

दुसरा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. आपल्याकडे बहुसंख्य लोकांच्या हातात अँड्रॉइड आहे. रिक्षावाल्याच्या हँडलजवळ लावलेला फोन, भाजीवाल्याच्या गल्ल्याशेजारचा फोन, एसटीतल्या सहप्रवाशाचा फोन, हे बहुतेक अँड्रॉइडच असतात. पिशवी रिक्षात राहिली आणि तिच्यात गूगलच्या जाळ्यावरचा टॅग असला, तर रिक्षावाल्याचाच फोन तिची खबर देण्याची शक्यता असते. तिच्यात एअरटॅग असेल तर आयफोनवाला प्रवासी बसेपर्यंत, किंवा सिग्नलला आयफोनवाली गाडी शेजारी येऊन उभी राहीपर्यंत थांबावं लागेल. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा परदेशातल्या विमानतळावर हीच स्थिती उलटी असते, तिथे आयफोन पावलोपावली आहेत आणि एअरटॅग पटापट जागा दाखवतो. घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर माझं मत असं: परदेश प्रवासाच्या बॅगेला एअरटॅग, रोजच्या वापरातल्या वस्तूंना गूगलवाला.

ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत टॅग मिळतात. ते का नकोत?

त्यातले पुष्कळसे नुसते वाजणारे असतात. ते एकाच फोनला जोडले जातात, फोनपासून आठ-दहा मीटर लांब गेले की संबंध तुटतो, आणि अ‍ॅपमध्ये शेवटचं दिसलेलं ठिकाण तेवढं उरतं. अनोळखी फोनांचं जाळं त्यांच्यामागे नसतं. सोफ्याखाली गेलेली किल्ली शोधायला ते पुरतात, पण रिक्षात राहिलेल्या पिशवीसाठी त्यांचा काही उपयोग नाही. खोक्यावर अ‍ॅपलच्या फाइंड मायशी किंवा गूगलच्या फाइंड हबशी चालतो असं स्पष्ट छापलेलं आहे का ते पाहा. 'ब्लूटूथ ५' आणि 'अँटी-लॉस्ट' एवढेच शब्द असतील तर तो टॅग जाळ्यावरचा नाही असं समजा.

गावाकडे चालतो का?

चालतो, पण भरवसा कमी. तालुक्याच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, आठवडे बाजारात माणसं आणि फोन दोन्ही असतात, तिथे ठिकाण मिळतं. शिवारात, घाटात, कोकणातल्या एखाद्या वाडीत दुपारच्या वेळी कोणी फिरकत नसेल तर टॅग हाका मारत बसतो आणि ऐकणारं कोणी नसतं. कीपॅडचे साधे फोन या जाळ्यात येत नाहीत. स्मार्टफोन आहे पण लोकेशन किंवा ब्लूटूथ बंद आहे, असा फोनही नाही. आणि ज्या फोनने ऐकलं त्याला रेंज नसेल तर खबर रेंज येईपर्यंत अडकून पडते.

अँड्रॉइडवाल्या टॅगचं ठिकाण तासन्तास जुनंच दिसतं. टॅग खराब आहे का?

टॅग बदलण्याआधी सेटिंग बदला. गूगलने खासगीपणाच्या काळजीने असं ठरवलंय की एरवी एकाच फोनने टॅग पाहिला तर त्याची जागा मालकाला दाखवायची नाही, बऱ्याच फोनांनी पाहिला तरच दाखवायची. रेल्वे स्टेशनवर हे सहज जमतं. कॉलनीतल्या गल्लीत रात्री दहा वाजता जमत नाही.

फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात फाइंड हब, आणि त्यात ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय उघडा. तिथे गर्दीच्या जागांपुरतं जाळं आणि सगळीकडचं जाळं असे पर्याय दिसतील. कारखान्यातून फोन गर्दीपुरत्या जाळ्यावर येतो, तो सगळीकडच्या जाळ्यावर करा. पण फक्त तुमच्या फोनवर करून भागणार नाही. घरातल्या प्रत्येकाच्या, शेजाऱ्यांच्या, गावाकडे काका-मामांच्या फोनवर हे करून द्या. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा फराळाच्या आधी पंधरा मिनिटांत घरातले सगळे फोन होतात. जितके फोन या पर्यायावर येतील तितकं त्या वस्तीत हरवलेलं लवकर सापडेल. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा कुठलाही फोन चालतो.

घरातल्या घरात किल्ली हरवली तर?

अ‍ॅपमधून टॅग वाजवा. आवाज ऐकू आला तर प्रश्नच मिटला.

आला नाही, तर फोन हातात धरून खोलीखोलीतून हळू चाला. आमच्याकडे आईची पर्स अशीच शोधली होती. अ‍ॅप सांगत होतं की टॅग जवळच आहे, पण आवाज काही येत नव्हता आणि पुढच्या खोलीत गेलं की संबंध तुटत होता. शेवटी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, आणि दार उघडता उघडताच फोनवरचं जवळीक दाखवणारं वर्तुळ भरलं, पाठोपाठ पैठणीच्या घडीखालून बारीक टिटी ऐकू आली. ब्लूटूथला लोखंड आडवं येतं, पाणी आडवं येतं, आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त असल्याने माणूसही आडवा येतो. म्हणून उभं राहून स्वतःभोवती गोल फिरा. एका दिशेला संकेत वाढला की वस्तू त्या बाजूला आहे.

एअरटॅग आणि आयफोन ११ किंवा त्यापुढचा बहुतेक कुठलाही आयफोन असेल तर हे करावं लागत नाही, पडद्यावर बाण आणि अंतर दिसतं. त्यासाठी फोनमध्ये अल्ट्रा वाइडबँड चिप लागते. एसई मालिकेतल्या आणि १६ई या फोनमध्ये ती नाही. अँड्रॉइडमध्येही ही सोय निवडक महाग फोन आणि निवडक टॅग यांच्यातच आहे.

लोकलमध्ये बॅग राहिली आणि नकाशावर ती पुढे जाताना दिसतेय. काय करायचं?

आधी १३९ ला फोन. ही रेल्वेची हेल्पलाइन आहे. स्टेशनवरच असाल तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान गाठा. त्यांना नकाशा दाखवण्याआधी या गोष्टी सांगा: कुठली गाडी, किती वाजताची, जलद की धीमी, कितवा डबा, कुठल्या बाजूच्या रॅकवर, बॅगेचा रंग. 'विरार जलद, चर्चगेटच्या बाजूने पाचवा डबा, दाराजवळचा रॅक, निळी सॅक' एवढं सांगितलंत की पुढच्या स्टेशनवरचा माणूस नेमका त्या दारात उभा राहू शकतो. नुसतं 'बॅग आता बोरिवलीला दिसतेय' म्हटलं, तर बोरिवलीला त्या क्षणी किती गाड्या उभ्या आहेत याचा विचार करा.

टॅगचा खरा उपयोग पुढच्या टप्प्यात होतो. बॅग शेवटच्या स्टेशनवर उतरवली गेली, की गाडीबरोबर विरार, कांदिवली, कळवा किंवा कुर्ला कारशेडमध्ये गेली, की कोणी घरी नेली, हे नकाशावरून कळतं. ठिकाण रुळांवरून हललं तर गाडीतच आहे. रुळ सोडून वस्तीत गेलं तर कोणीतरी उचलली आहे. दर थोड्या वेळाने पडद्याचा फोटो काढून ठेवा, कारण एअरटॅग फक्त ताजी जागा दाखवतो, मागचा प्रवास जपून ठेवत नाही.

बेवारस बॅग हा रेल्वेसाठी सुरक्षेचा विषय असतो, त्यामुळे ती उघडून तपासली गेली असेल तर रागावू नका. ताब्यात घ्यायला जाताना ओळखपत्र न्या आणि आत काय काय होतं त्याची यादी मनात तयार ठेवा. आतल्या डब्याचा रंग, पुस्तकाचं नाव अशा साध्या खुणा नकाशापेक्षा जास्त पटतात. रेल्वे सुरक्षा दल 'ऑपरेशन अमानत' या नावाने प्रवाशांचं सामान परत करण्याचं काम करतं, त्यांनी खरोखर असंख्य लोकांच्या वस्तू घरी पोचवल्या आहेत.

टॅग लावला की हरवल्यावर आपोआप सगळं होतं ना? आधी काही भरून ठेवायचं असतं का?

वस्तू हरवल्याचं कळताच अ‍ॅपमध्ये 'हरवलं' अशी खूण करा आणि संपर्काचा नंबर व एक ओळीचा निरोप भरा. ज्याला वस्तू सापडेल तो आपला फोन एअरटॅगच्या पांढऱ्या बाजूला टेकवतो आणि त्याला तुमचा निरोप दिसतो. त्यासाठी आयफोन असायला हवा असं नाही, एनएफसी, म्हणजे फोन टेकवून माहिती वाचण्याची सोय, असलेला कुठलाही अँड्रॉइड चालतो.

इथे एक चूक फार लोक करतात. नंबर स्वतःचा देतात, आणि फोन त्याच हरवलेल्या बॅगेत असतो. नंबर घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी द्या. परदेशी जाणार असाल तर पुढे +९१ लावा.

आणि तंत्रज्ञानावर सगळा भार टाकू नका. बॅगेच्या आतल्या कप्प्यात नाव, नंबर आणि 'सापडल्यास कृपया कळवा' एवढं मराठी-हिंदी-इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. प्रामाणिक माणसाला तुमच्यापर्यंत पोचायला तेवढीच वाट पुरते.

विमानात दिलेल्या सामानात टॅग ठेवायला परवानगी आहे का?

आहे. शंका येते ती लिथियम सेलमुळे. सामानात ठेवायच्या टॅगसाठी मर्यादा ०.३ ग्रॅम लिथियमची आहे आणि टॅगमधल्या सीआर२०३२ या बटण सेलमध्ये ते साधारण ०.१ ग्रॅम असतं. २०२२ मध्ये लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या एका उत्तरावरून टॅगवर बंदी आल्याचा गोंधळ उडाला होता, पण काही दिवसांतच कंपनीने टॅग चालतील असं जाहीर केलं.

मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना मी टॅग आवर्जून घ्यायला सांगते. मेतकूट, लोणचं, भाजणी, नातवंडांचे कपडे असं भरलेल्या प्रत्येक मोठ्या बॅगेत एक. दुबईला किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना फोन उघडला की बॅगही तिथे उतरली का ते दिसतं. मात्र विमान हवेत असताना बॅग मुंबईलाच दिसली तर घाबरू नका. विमानाच्या पोटात ठेवलेल्या सामानाजवळ कोणाचाही चालू फोन नसतो, म्हणून शेवटची जागा तशीच राहते. उतरल्यानंतर अर्धा-पाऊण तास द्या. बॅग आलीच नाही आणि नकाशाही जुन्याच विमानतळावर ताजी वेळ दाखवतोय, म्हणजे ती मागे राहिली.

अशा वेळी विमानतळाबाहेर पडू नका. पट्ट्याजवळच्या सामानाच्या काउंटरवर जाऊन लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. आयफोनमध्ये आयओएस १८.२ पासून टॅगच्या जागेची लिंक तयार करून विमान कंपनीला देता येते. ती सात दिवसांनी, किंवा बॅग तुमच्या हाती आली की आपोआप, बंद होते. आपल्याकडे एअर इंडियाने २०२५ मध्ये ही सोय आपल्या सामान-शोध यंत्रणेला जोडली. लिंक मिळाली तरी लेखी तक्रारीला पर्याय नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या माँट्रियल करारानुसार बॅग फुटली-तुटली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं. नकाशाचे फोटो त्या तक्रारीला जोडा.

वारीत उपयोग होईल का?

सामानासाठी होईल. दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर इतक्या ट्रकांच्या गर्दीत आपला ट्रक शोधताना वयस्कर माणसं दमून जातात. पिशवीत टॅग असेल तर ट्रक कुठल्या बाजूला लागलाय याचा अंदाज येतो. अडचण फोनांची नसते, ते हजारोंनी असतात. अडचण मोबाइलच्या जाळ्याची असते: गर्दीत नेट तुंबतं आणि ठिकाण उशिरा येतं. म्हणून दिंडीचा क्रमांक आणि ट्रकचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवण्याची जुनी पद्धत सोडू नका.

दुचाकीत लपवला तर चोरी पकडता येईल का?

त्यावर विसंबू नका. टॅग हरवलेल्या वस्तूंसाठी बनवलाय, चोरीसाठी नाही. मालकापासून दूर असलेला टॅग आपल्याबरोबर फिरतोय, असं चोराचा फोनच त्याला सांगतो. एअरटॅग तर मालकापासून तुटल्यावर ८ ते २४ तासांत, हलवला की स्वतःच वाजायला लागतो. वाहनासाठी सिम असलेला जीपीएस ट्रॅकर घ्या, त्याचं भाडं परवडतं.

तरीही चोरीला गेलेली वस्तू नकाशावर दिसलीच, तर कळकळीची विनंती आहे: त्या पत्त्यावर एकटे जाऊ नका, मित्रांना घेऊनही जाऊ नका. जीवापेक्षा लॅपटॉप मोठा नाही. शिवाय नकाशावरचा ठिपका दाट वस्तीत चार घरं इकडे-तिकडे असू शकतो, आणि निरपराध माणसाच्या दारात जाऊन उभं राहणं वाईटच. पोलीस ठाण्यात जा, तक्रार द्या, फोन त्यांच्यासमोर उघडा आणि पुढचं त्यांना करू द्या.

आजोबांना विसरायला होतं, ते घर शोधत भटकतात. त्यांच्या खिशात टॅग ठेवू का?

एकटा टॅग पुरेसा नाही. माणूस सतत हलत असतो आणि टॅगची खबर दहा मिनिटांनी येईल की दोन तासांनी, याची हमी कोणीच देत नाही. अशा माणसासाठी सिम असलेलं जीपीएस घड्याळ किंवा लॉकेट घ्या. टॅग जोडीला ठेवा, पण कपड्याच्या आत शिवलेली नाव-नंबरची पट्टी आणि कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षा स्टँड, मंदिरातले गुरुजी यांच्याकडे तुमचा नंबर, हे त्याहून मोलाचं.

लहान मुलांचंही हेच. दप्तर शाळेत राहिलं की घरी आलं, एवढं टॅगवरून पाहावं. कुत्र्या-मांजराच्या गळ्यात लावता येतो, पण दाताला लागणार नाही असा घट्ट बसवा.

मोठ्या, समजत्या माणसाच्या बॅगेत त्याला न सांगता टॅग ठेवू नका. बायको असो, नवरा असो, कॉलेजला जाणारी मुलगी असो.

फोनवर सूचना आली की अनोळखी टॅग माझ्याबरोबर फिरतोय. काय करू?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. पुष्कळदा कारण साधं असतं: भावाची छत्री तुम्ही आणलीत, मैत्रिणीची गाडी घेतलीत, बसमध्ये शेजारच्या माणसाच्या बॅगेत टॅग होता.

सूचनेवर टॅप केलंत की तो टॅग तुमच्याबरोबर कुठून कुठे फिरला ते नकाशावर दिसतं. बसमधल्या शेजाऱ्याचा असेल तर ती रेघ बसच्या थांब्यावर संपते. तुमच्या घरापर्यंत, ऑफिसपर्यंत येत असेल तर शोधायला लागा. टॅग वाजवण्याचं बटण तिथेच असतं. पर्सचं अस्तर, गाडीच्या सीटखाली, डिकी, नंबरप्लेटमागे, भेट मिळालेलं खेळणं, असं बारकाईने पाहा. सापडला की फोन टेकवा: टॅगचा अनुक्रमांक आणि मालकाच्या नंबरचे शेवटचे अंक दिसू शकतात. त्याचा फोटो घ्या.

सेल लगेच काढायचा की नाही, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. सेल काढला की टॅग गप्प होतो आणि ठेवणाऱ्याला कळतं की तुम्हाला कळलंय. ठेवणारा माणूस धोकादायक आहे असं वाटत असेल तर सेल काढण्याआधी गर्दीच्या सुरक्षित जागी, शक्यतो पोलीस ठाण्यातच जा. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१. बाईचा असा पाठलाग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरू शकतं, आणि टॅगमागे त्याच्या मालकाचं खातं जोडलेलं असतं, म्हणजे तपासाला धागा असतो. टॅग फेकून देऊ नका, तो पुरावा आहे.

अ‍ॅपल आणि गूगलने मिळून केलेली ही सूचनेची व्यवस्था मे २०२४ पासून दोन्ही प्रकारच्या फोनवर आहे: आयओएस १७.५ पासून पुढे आणि अँड्रॉइड ६ पासून पुढे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षिततेच्या विभागात अनोळखी ट्रॅकरची सूचना चालू आहे का ते आजच तपासा, तिथून स्वतःहून शोधही घेता येतो. सिमवाले जीपीएस ट्रॅकर आणि हलके नकली टॅग या शोधात सापडत नाहीत. संशय पक्का असेल तर गाडी विश्वासातल्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

सेल कधी आणि कसा बदलायचा?

बहुतेक टॅगमध्ये सीआर२०३२ सेल असतो, साधारण वर्षभर जातो. फोन आधी इशारा देतो. एअरटॅगची चकचकीत स्टीलची बाजू दोन अंगठ्यांनी दाबून घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा, झाकण निघतं. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा, बसला की टॅग वाजतो. वाजला नाही तर बहुतेक वेळा सेलवरचा कडू लेप आड येत असतो. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या असा लेप देतात आणि अशा सेलवर एअरटॅग चालेलच असं नाही, असं अ‍ॅपलच सांगतं. दुसऱ्या बनावटीचा सेल आणा.

पाकिटात बसणारे कार्डासारखे टॅग सेल बदलायचे नसतात. काही चार्ज होतात, काही संपले की टाकून द्यावे लागतात. घेताना विचारा.

घरात लहान मूल असेल तर हे नीट वाचा: गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. जुना सेल काढला की चिकटपट्टीत गुंडाळूनच टाका.

पावसात भिजला तर?

एअरटॅग आणि स्मार्टटॅग २ यांना आयपी६७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मुंबईच्या पावसाला ते पुरतं. बाकीच्यांचं खोक्यावर पाहा.

माझा फोन दुसऱ्यांचे टॅग शोधतो, मग माझा डेटा जातो का? माझी जागा कोणाला कळते का?

डेटा नगण्य जातो. जागा कुलूपबंद होऊन जाते आणि ती अ‍ॅपल किंवा गूगललाही वाचता येत नाही, अशी रचना आहे. तरी नको वाटत असेल तर सेटिंगमधून बाहेर पडता येतं. मी मात्र तसं करू नका असंच म्हणेन. आपला फोन दुसऱ्याच्या पर्सची खबर देतो म्हणून दुसऱ्याचा आपल्या पर्सची देतो.

फोनच हरवला तर टॅगवरून फोन वाजवता येतो का?

सॅमसंगच्या आणि टाइल नावाच्या कंपनीच्या टॅगचं बटण दोनदा दाबलं की फोन वाजतो. एअरटॅगला बटणच नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून फाइंड माय अथवा फाइंड हब उघडा. सापडत नसेल तर पोलिसांत नोंद करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, लागतो. *#०६# डायल करून तो आत्ताच पाहा आणि कागदावर लिहून ठेवा.

जुना टॅग विकत घेतला, जोडला जात नाही. किंवा रस्त्यात सापडला, वापरू का?

टॅग पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेला असतो. त्याने आपल्या अ‍ॅपमधून तो काढून टाकल्याशिवाय सेल बदलून, आपटून, काहीही करून तो दुसऱ्याला वापरता येत नाही. विकणारा समोर असेल तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून काढून घ्या आणि तिथेच स्वतःच्या फोनला जोडून बघा.

रस्त्यात सापडलेल्या टॅगला, किंवा टॅग असलेल्या पर्सला, फोन टेकवा. निरोप आणि नंबर दिसला तर फोन करा. काहीच दिसलं नाही तर मालकाला अजून हरवल्याचं कळलेलं नसेल. अशा वेळी वस्तू जिथे सापडली तिथल्याच दुकानदाराकडे, सुरक्षारक्षकाकडे किंवा स्टेशन मास्तरांकडे द्या. मालक नकाशा बघत तिथेच येणार असतो.